मिस्त्री, ओटा आणि ट्रॉलीखालची पट्टी

शिरूरच्या माणसाने फोन लावला, की फरशीवाला मिस्त्री न्हावऱ्यापर्यंत आलेलाच असतो. "निघालो दादा, न्हावरा मागं टाकला," असं तो गळ्याची शपथ घेऊन सांगतो आणि नेमकं त्याच वेळी मागून "यात्रीगण कृपया ध्यान दें" सुरू होतं. दौंड जंक्शनवर चहा पीत न्हावरा ओलांडणारा हा माणूस. दौंडच्या वहिनींनी फोन केला तर तो चौफुल्यावर असतो. फक्त मागे रांजणगावच्या महागणपतीची आरती चाललेली असते.

त्याच्या जिभेला हाड नाही. हाताला मात्र आहे.

येतो तेव्हा तो पाणीसुद्धा न मागता ओट्यासमोर उकिडवा बसतो आणि थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत सुटतो. टण्ण. टण्ण. ढब. "ही गेली. ही पण गेली. खाली माल कुठाय वहिनी? नुसती वाळू." खडूने फुल्या पडत जातात. वहिनींनी त्याला एका फरशीसाठी बोलावलेलं असतं, ज्या फरशीवर संक्रांतीच्या आधी वरवंटा पडला होता. फुल्या फ्रीजपर्यंत पोचतात, तेव्हा वहिनी गॅस बंद करून खुर्चीत बसतात.

रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन एमआयडीसींनी मिस्त्रीची पोटापाण्याची सोय करून ठेवली आहे. कारखान्यांच्या मागोमाग घरं उठली आणि त्या घरांच्या फरश्या आता ढबढब वाजू लागल्या आहेत. त्याच्या वडिलांना हे सुख नव्हतं. तेव्हा घरोघरी शहाबादी. ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून यायची आणि ते स्टेशन दौंडवरून सोलापूर-वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. शहाबादी फुटली तर दुसरी शहाबादी लावा, कुणी रंग विचारत नसे. मग मोझेक आली, मग एक बाय एकची सिरॅमिक, जिला जुनी माणसं कंपनी कुठलीही असली तरी 'स्पार्टेक'च म्हणतात. आता दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, गुजरातच्या मोरबीहून.

"जोडीची फरशी मिळेल ना?" साहेब विचारतात. मिस्त्री हसतो. मोरबीत डिझाइनं बदलत राहतात. डिझाइन मिळालं, तरी खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर जुळला नाही की नवी फरशी जुन्या फरशीशेजारी उपरी दिसते. म्हणून बांधकामाच्या वेळी दोन-चार फरश्या जास्तीच्या ठेवायच्या असतात. साहेबांनी ठेवल्याही होत्या. त्यातली एक पिंपावर झाकण म्हणून आहे, दुसरी तुळशीखाली. तुळशीखालची काढायला सासूबाईंची परवानगी नाही.

शेवटी अख्ख्या स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरते आणि वहिनी एकच अट घालतात: ट्रॉल्यांना हात लावायचा नाही. "लावतच नाही," मिस्त्री म्हणतो. जुन्यावर नवी बसवायचा सोपा मार्ग असतो, पण फरशी आणि खालचं केमिकल धरून जमीन अर्धा इंच वर येणार. सगळ्यात खालची ट्रॉली घासणार आणि हॉलमधून येणारा पाहुणा उंबऱ्याविना ठेचकाळणार. शिवाय खाली पोकळ असेल, तर वरचीही पोकळच. म्हणजे उखडणं आलं.

इथे मिस्त्री गप्प होतो. ट्रॉल्यांच्या पायाशी असलेली पट्टी तो अलगद सोडवतो, चॅनलमध्ये धूळ जाऊ नये म्हणून ट्रॉल्यांवर प्लॅस्टिक चिकटवतो आणि ओट्याला आधार देणाऱ्या उभ्या कडप्प्याला पुठ्ठा लावून कटर चालवतो. गोल पातं कोपऱ्यापर्यंत पोचत नाही; शेवटचा इंचभर तुकडा छन्नीने, चिमणीने दाणे टिपावेत तसा काढावा लागतो. कटरवर पाणी मारलं तर धूळ बसते, पण तोच चिखल ट्रॉलीखाली शिरला तर भुशाचा बोर्ड फुगतो. म्हणून एका हातात कटर आणि दुसऱ्यात ओला स्पंज. हातगडी मधे बोलला तर नजरेनेच गप्प होतो.

नवी फरशी बसवण्याआधी तो तिची पाठ ओल्या फडक्याने पुसतो. भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी भुकटी पाठीवर राहिलेली असते, ती तशीच ठेवली तर पकड बसत नाही. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पीतच नाही, नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती भीक घालत नाही, म्हणून केमिकल. मग दातेरी थापी, स्पेसर, रबरी हातोडा. फरशी कडप्प्याला अगदी भिडवायची नाही, बारीक फट सोडायची. उन्हाळ्यात फरशीला फुगायला जागा लागते, नाहीतर ती मधोमध उचलते. "आणि ग्राऊट पांढरं नको वहिनी. हळद सांडली की जन्मभर मला शिव्या द्याल."

"उद्या संध्याकाळी स्वयंपाक करा," असं त्याने पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. चौथ्या दिवशीही घर वडापाववरच असतं.

फरशी झकास होते. पाण्याची नळी लावून पाहावी तर थेंबाचा फरक नाही. राहते फक्त ट्रॉलीखालची पट्टी. जमिनीची पातळी किंचित बदलल्यामुळे तिची कड सूतभर तासायची असते. "दहा मिनिटांचं काम. येऊन करतो." साहेबही हजार रुपये मागे ठेवतात. त्यानंतर पट्टी मिस्त्रीची वाट बघते आणि मिस्त्री हजाराची, पण दोघांनाही घाई नसते.

सत्यनारायणाला मात्र तो न बोलावता येतो. प्रसादाची वाटी हातात घेऊन आधी ओट्यासमोर बसतो आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहतो. टण्ण. सगळीकडे टण्ण. शेजारच्या काकू हे टक लावून पाहत असतात. "मिस्त्री, जरा आमच्याकडे येता का? एकच फरशी हलतेय." तो वाटी संपवतो, हात धुतो आणि काकूंच्या मागोमाग जातो. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून आवाज येऊ लागतात: ढब, ढब, टण्ण, ढब. इकडे वहिनी माळ्यावरून पट्टी काढून दारात उभ्या राहतात, परत जाताना तो सापडावा म्हणून. मिस्त्री काकूंच्या मागच्या दाराने जातो.