माणशी एक बॅग, आणि आईंचे डबे

माथेरानला गाडी जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बॅगा भरण्याशी काही संबंध आहे, हे मात्र माझ्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही ते बोलून दाखवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं यावर पाडव्याच्या जेवणात खल चालू असताना मी फक्त म्हटलं, "माथेरान बरं. जवळ आहे, आईंनाही झेपेल." सगळे हो म्हणाले. डाव साधला.

महाबळेश्वर ठरलं असतं, तर डिकी होती. गाडीने आमच्या घराला बरीच सुखं दिली असतील, पण डिकीने आमची चाल बिघडवली. एस.टी.च्या दिवसांत बॅग टपावर चढवायची, उतरवायची आणि मधल्या स्टँडवर ती जागेवर आहे ना हे मान वाकडी करून बघायचं, ही सगळी कामं स्वतःच्या हातापायांनी व्हायची, त्यामुळे माणूस आपोआप बेताने भरायचा. डिकीला हातपाय नाहीत. तिला नुसतं तोंड आहे. "जागा आहे ना, मग असू दे," म्हणत म्हणत गेल्या खेपेला महाबळेश्वरला काय काय गेलं, ते ऐका. नानांची उशी, कारण नानांना परकी उशी चालत नाही. एक प्लॅस्टिकचा मग. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. एका पिशवीत कोंबलेल्या चाळीसेक पिशव्या. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, आमच्या घरात त्या पेन्शनवर आहेत. शिवाय इस्त्री. इस्त्रीची वायर हॉटेलातल्या सॉकेटपर्यंत पोचली नाही, त्यामुळे तिने फक्त हवापालट केला.

रेल्वेने जायचं म्हटलं तर वेगळीच पंचाईत. स्लीपरला माणशी ४० किलो आणि टू टायर एसीला ५० किलो सामान फुकट नेता येतं, हे नवऱ्याने कुठेतरी वाचलं. रेल्वेने ती मर्यादा म्हणून सांगितली होती, आमच्याकडे ती उद्दिष्ट म्हणून वाचली गेली. "सहा जणांचे २४० किलो होतात. आपण निम्मंसुद्धा नेत नाही," तो म्हणाला. आवाजात खंत होती.

विमानाच्या वेळी मात्र हीच मंडळी एकदम संतपदाला पोचतात. देशातल्या देशात जाताना साधारण १५ किलोची बॅग खालच्या पोटात आणि ७ किलोची हातात. त्यावर गेलात की किलोमागे पैसे मोजा. मग घरातला वजनकाटा बाहेर निघतो. आधी नुसते नाना काट्यावर, मग बॅग उराशी धरलेले नाना काट्यावर, मग तोंडी वजाबाकी. नाना तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. फक्त नाना बॅगेमुळे पुढे झुकलेले असल्याने काट्यावरचा आकडा धाकट्याला जमिनीवर आडवं पडून वाचावा लागतो. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत हवी, सुकं खोबरं खालच्या बॅगेत चालत नाही, असे नियमही पाठ होतात. खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते पेट घेऊ शकतं, हे कळल्यावर आईंनी फडताळातल्या खोबऱ्याच्या वाट्या गॅसपासून दोन खण लांब ठेवल्या. तात्पर्य, ओझ्याचे पैसे पडले किंवा ते स्वतःला उचलावं लागलं, तरच आमच्या घरात हात आखडतो.

आणि उचलावं लागणं म्हणाल, तर त्यासाठी माथेरानसारखं गाव नाही. नेरळहून टॅक्सीने घाट चढायचा, दस्तुरी नाक्याला उतरायचं, आणि तिथे मोटारीचं राज्य संपतं. पुढे गावापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीने. आता ई-रिक्षाही आल्यात, पण सुट्टीत त्यांची रांग बघून माणूस चालायला लागतो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून वर छोटी गाडी आणली: दोन फुटांचे रूळ, एकवीस किलोमीटरचा रस्ता, आणि त्याला दोन तासांहून जास्त वेळ. त्या डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. मधे बॅग आली, तर ती मांडीवर. थोडक्यात, साहेबाने, शेठजींनी आणि डोंगराने मिळून सामानाविरुद्ध कट केलेलं हे गाव आहे. मी त्या कटात उशिरा सामील झाले इतकंच.

नियम मी एकच केला. आपली बॅग आपण भरायची आणि आपणच उचलायची. याद्या नाहीत. यादी केली की प्रत्येकाला ती दुसऱ्याने भरायची आहे असं वाटतं, आणि तो दुसरा म्हणजे मी. औषधांची पिशवी तेवढी सगळ्यांची मिळून एक: ओवा, बाम, पट्ट्या, ओआरएसची पाकिटं, तापाच्या गोळ्या आणि नाना-आईंच्या रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. टॉर्च माझ्याकडे, कारण माथेरानच्या झाडीत सूर्य मावळला की रस्ता आणि खड्डा यांत फरक उरत नाही. पांढरं काही घ्यायचं नाही, हेही बजावलं. तिथली माती जांभ्याची, लोखंडाच्या अंशाने लालबुंद. पांढरे बूट दस्तुरीला पांढरे असतात, बाजारात पोचेपर्यंत गुलाबी होतात, आणि घरी आल्यावर चपलांच्या खणात कायमचे विटकरी.

मग गुरुवारी संध्याकाळी रंगीत तालीम. भरलेली बॅग घेऊन, लिफ्ट न वापरता, तिसऱ्या मजल्यावरून खाली, सोसायटीला एक पूर्ण चक्कर आणि परत वर. "वेड लागलंय का?" नवरा म्हणाला. पण माथेरान त्यानेही कबूल केलं होतं.

खाली उतरताना सगळे मजेत होते. वॉचमनने उभं राहून सलाम केला आणि "शुभ यात्रा" म्हणाला. पाण्याच्या टाकीपाशी थोरलीने ट्रॉली बॅग ओढायला सुरुवात केली. "चाकं बंद," मी म्हटलं. "लाल मातीत चाक फिरत नाही, माती फिरते." ती अकरावीत आहे, तिने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या वळणाला तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी खिडकीतून विचारलं, "कुठे निघालात सगळे?" नाना म्हणाले, "कुठे नाही, आलोच." काकूंनी खिडकी बंद केली. परत आलो तर वॉचमन पुन्हा उभा राहिला आणि काळजीने म्हणाला, "झाली यात्रा?"

खरा न्याय जिन्यात झाला. पहिल्या मजल्यावर नवऱ्याने ट्रायपॉड काढून कठड्याला टेकवला. दुसऱ्यावर थोरलीने केस सरळ करायचं यंत्र आणि बुटांचे दोन जोड काढले. धाकट्याने बॅट आणि पॅड आधीच टाकीपाशी ठेवून दिले होते, वर हेल्मेटही. नानांच्या बॅगेतून वैद्यकीय तपासण्यांची जाडजूड फाइल निघाली. "जुना ईसीजी जवळ असलेला बरा, तुलना करायला," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाना, माथेरानला तुलना करायला पॉइंट आहेत." फाइल राहिली. उशी मात्र मी जाऊ दिली. उशी हलकी असते, आणि नाना झोपले नाहीत तर कुणीच झोपत नाही. सामानातून काय काढायचं हे ज्याला कळतं, त्याला काय काढायचं नाही हेही कळायला हवं. हे मी माझ्याच कौतुकाने सांगते आहे.

माणशी एक बॅग उरली, तीही खांद्याला लावता येईल अशी. आदल्या रात्री नऊनंतर बॅग उघडायची नाही, असं बजावून मी शांत झोपले.

आईंना या तालमीतून सूट होती. गुडघे. शिवाय आईंच्या पिशवीत फराळ होता, आणि दिवाळीत फराळाला तालीम सांगणारी सून अजून जन्माला यायची आहे. चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू आणि वाटेत लागतील म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या. सगळं स्टीलच्या डब्यांत. "आई, तिथे खायला मिळतं," मी म्हणून पाहिलं. "मिळतं गं," आई म्हणाल्या, "पण ते आपलं नसतं." या युक्तिवादावर आजपर्यंत कुणी जिंकलेलं नाही. रात्री स्वयंपाकघरात पावलं वाजत होती. लाडवांवर डल्ला असेल, असं समजून मी कूस बदलली.

दस्तुरीला टॅक्सीतून उतरलो, तर समोर नेहमीची जत्रा. घोडेवाले, हमाल, तिकिटाची रांग, आणि कठड्यावर ओळीने बसलेली माकडं. आई-नानांना शटलमध्ये बसवायचं, आम्ही चौघांनी चालायचं, असं ठरलं होतं. आईंची पिशवी तेवढी हमालाकडे द्यायची. एक हमालबाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीला नुसता एक हिसका देऊन पाहिला, पिशवी जागची हलली नाही. त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढून परत हातात घेतली.

"ताई, फराळ म्हणालात ना?"

"फराळच आहे."

"मग लाडू जांभ्याचे दिसत्यात."

पिशवी तिथेच कठड्यावर उघडली. वरचे दोन डबे काढले आणि खालून एकेक वस्तू प्रकट व्हायला लागली. ट्रायपॉड. केस सरळ करायचं यंत्र, वायरीसकट. बुटांचा एक जोड, पांढरा. नानांची फाइल. जिन्यात मी ज्याला ज्याला निरोप दिला होता, ते सगळं माझ्या आधी माथेरानच्या वेशीवर हजर होतं. तळाशी इस्त्री. इस्त्री कुणाची, ते अजून कबूल झालेलं नाही. नवरा दरीकडे बघत होता. नाना म्हणाले, "त्या पिशवीला सूट होती ना." गणिताच्या मास्तरांना पळवाटही रीतसर सापडते.

आईंचा चेहरा निर्विकार. "सगळे येऊन म्हणाले, आई, एवढं एक असू दे. मी कुणाला नाही म्हणू?"

एवढं सगळं चाललेलं असताना कठड्यावरच्या माकडांची सभा कधी तहकूब झाली, ते कुणी पाहिलं नाही. एक मध्यम वयाचं, तोंड लाल झालेलं माकड शांतपणे आलं आणि चकलीचा डबा काखोटीला मारून झाडावर गेलं. "उघडणार नाही त्याला," नवरा ठामपणे म्हणाला. तो ठामपणा अनुभवाचा होता, कारण या डब्याचं झाकण आमच्या घरात कुणालाच उघडत नाही. दर दिवाळीला ते उलथन्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. माकडाने डबा उलटासुलटा करून पाहिला, खाली उतरलं, जांभ्याच्या दगडावर तो दोनदा तिरका आपटला आणि झाकण टपकन बाजूला झालं. नवऱ्याला जरा लागलंच ते.

"कडेवर आपटायचा," धाकटा म्हणाला. "लिहून ठेव, बाबा."

माकडाने एक चकली मोडून वास घेतला, खाल्ली, आणि मग उरलेल्या सोडून कुठेही गेलं नाही. आजूबाजूला वेफर्सची पाकिटं घेतलेले पर्यटक होते. त्यांच्याकडे ते ढुंकून बघेना. आईंनी हमालबाईंना कोपराने ढोसलं. "भाजणी घरची आहे," त्या म्हणाल्या. माकड गेल्यावर धाकट्याने रिकामा डबा आणि झाकण उचलून आणलं, आणि ते आईंनी पिशवीत नीट ठेवलं.

मग त्याच जागी पुन्हा वाटप झालं. ज्याची वस्तू, त्याच्या पाठीवर. थोरली हातात बूट घेऊन चालली, नवरा खांद्यावर ट्रायपॉड टाकून गावात शिरला आणि लोक त्याला मोजणी खात्याचा माणूस समजून वाट देऊ लागले. इस्त्री मी उचलली. कुणीतरी उचलायलाच हवी होती, आणि मला तिच्याबद्दल आता कुतूहल वाटायला लागलं होतं. राहिलेले डबे हमालबाईंनी एका हाताने चुंबळीवर चढवले आणि आमच्या कितीतरी पुढे निघून गेल्या.

राहिलो दोन रात्री. शार्लट लेक पाहिलं, एको पॉइंटला धाकट्याने इतक्या हाका मारल्या की शेवटी नानांनी त्याला ओ दिली. फराळ सगळा संपला, कारण हॉटेलातलं जेवण ठीक होतं, पण आपलं नव्हतं.

निघायच्या सकाळी बाजारात थोरलीने चपलांचे दोन जोड घेतले, नवऱ्याने ऑफिससाठी म्हणून दोन किलो चिक्की, धाकट्याने लाकडी तलवार, नानांनी मधाची बाटली, उशीला टेकवून न्यायची म्हणून. बॅगा मिटेनात. पॅसेजमध्ये सगळे बॅगांवर बसून चेन ओढत होते. आईंची पिशवी तेवढी भिंतीला हलकीफुलकी उभी होती. आत एकावर एक बसवलेले रिकामे डबे.

नवरा चिक्कीची पाकिटं घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "आई, तुझ्या डब्यात..."

"आहे जागा," आई म्हणाल्या. "किलोमागे पाव किलो."

"म्हणजे?"

"चिक्की. विमानवाले घेतात, मग मी का नको?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्री उचलून त्याच्या हातात दिली आणि चिक्कीच्या रांगेत माझी शेंगदाण्याची दोन पाकिटं घेऊन त्याच्या मागे उभी राहिले.