जावईबापूंची खडी

(रंगमंचावर मेज, खुर्ची, जाड बांधणीची नोंदवही. शेजारी रुंद टायरांची, चिखलाने माखलेली सायकल. बंद गळ्याचा कोट घातलेले वयस्क गृहस्थ येतात, सायकलीला वळसा घालून खुर्चीत बसतात.)

रसिकहो, ज्या मनुष्याने रस्तेबांधणीच्या खात्यात हजेरी कारकुनापासून हेडक्लार्कपर्यंत इमानेइतबारे चाकरी केली, आणि खडीकरण झाले, आता डांबरीकरण व्हावे, अशा गावोगावच्या अर्जांचे गठ्ठे स्वहस्ते दप्तरदाखल केले, त्या मनुष्यास उतारवयात कॅन्ससमध्ये कन्येच्या घरी जाऊन असे पाहावे लागावे की, दारापुढे डांबराचा निष्कलंक रस्ता पसरलेला असताना आपले जावई सायकल मोटारीच्या पाठीशी बांधतात, दोनएक तास मोटार हाकतात आणि मुद्दाम खडी शोधून तीवर सायकल चालवतात, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

मी त्यांची रीतसर जबानी घेतली. (नोंदवही उघडतो.) ‘जावईबापू, डांबराचे आणि आपले काही पूर्ववैमनस्य?’

‘बाबा,’ ते अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘डांबरी रस्त्यावर माझे डोळे पुढे असतात, पण प्राण कानांत असतो. मागून ट्रक येतो आहे, त्याच्या सारथ्याचे लक्ष फोनमध्ये आहे की माझ्यात, एवढाच विचार. खडीवर तासाभरात एखादा शेतकरी पिकअप घेऊन भेटतो, आणि सुकाणूवरून एक बोट उचलून रामराम करतो.’

हे मला पटले. बोट उचलण्याची प्रथा आमच्याही रस्त्यांवर आहे. हेतू तेवढा निराळा असतो.

पुढे टायरांचा मुलाहिजा झाला. डांबरासाठी २५ ते २८ मिलिमीटरचे सडपातळ टायर आणि पंपाच्या काट्यावर ऐंशीच्या आसपास दाब. खडीसाठी ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, आणि दाब निम्म्याहून कमी. चाळीस मिलिमीटर! (उभा राहतो.) रसिकहो, हे तर आमच्या खडीचे माप! कंत्राटदाराने चाळिसाच्या नावाखाली साठाची टाकली, म्हणून मी शेरे मारलेले आहेत! कारण विचारले, तर म्हणाले की, कडक टायर प्रत्येक खड्यागणिक स्वारासकट सायकल वर उचलतो आणि त्या उचलण्यात पायांची मेहनत वाया जाते, उलट मऊ टायर खड्याचा अपराध पोटात घालतो आणि पुढे जातो. सासऱ्याच्या अंगी हा गुण असावा, असे त्यांनी सुचवले की काय, याचा मी अद्याप विचार करीत आहे.

या खडीप्रेमाचे तीर्थक्षेत्र एम्पोरिया नावाचे गाव. तेथे २००६ पासून एक शर्यत होते आणि तिचे प्रमुख अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर, बहुतांश खडीवरून. भोवती फ्लिंट हिल्स नामक टेकड्या. तेथे मातीचा थर पातळ आणि खाली चकमकीचा दगड. तस्मात नांगर चालला नाही, नांगर चालला नाही म्हणून उंच गवताचे माळ राहिले, माळ राहिले म्हणून गुरे आली आणि माणसे विरळ राहिली, आणि माणसे विरळ म्हणून डांबराची निकड कोणास भासली नाही. तो दगड असा तीक्ष्ण की, मूळ रहिवासी त्याची बाणाग्रे करीत. हल्ली तो थेट टायरांत शिरतो. पाऊस पडला तर चिखल असा चिकट की चाक फिरत नाही, म्हणून रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ बाळगायची, ठिकठिकाणी उतरायचे, चिखल खरवडायचा. आमच्याकडे हे काम करणाऱ्यास रोजंदारी मिळते. जावईबापू प्रवेशशुल्क भरतात!

(खालच्या आवाजात, गुपित सांगितल्याप्रमाणे.) आणि आता दप्तरातले खरे प्रकरण ऐका. अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची पहिली संघटित ओरड मोटारवाल्यांनी केली नाही; ती केली सायकलवाल्यांनी! १८८० मध्ये त्यांनी ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ स्थापली, १८९२ मध्ये ‘गुड रोड्स’ नावाचे मासिक काढले, सरकारदरबारी अर्जांचा मारा केला, आणि १८९३ मध्ये सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी एक कचेरी उघडलीसुद्धा. कोणत्या खात्यात? शेतकी खात्यात! पाठोपाठ मोटार आली, आयत्या बिळात सुखेनैव नांदू लागली, आणि ज्यांच्या पणजोबांनी गुळगुळीत रस्त्यासाठी टाहो फोडला, ते सायकलस्वार डांबराचा निरोप घेऊन पुनश्च खडीवर आले.

परवा जावईबापू चिंताक्रांत होऊन आले. त्यांच्या आवडीच्या एका खडीच्या रस्त्यावर डांबर पडणार, अशी कुणकुण लागली होती. मी म्हटले, ‘कागद आणा.’ (कोटाच्या खिशातून कागद काढून, चष्मा सावरून.) ‘सदरहू रस्त्याचे डांबरीकरण करू नये, रुंदीकरण करू नये, खड्डे बुजवण्याची तसदी घेऊ नये, किंबहुना त्याबाबत काहीही न करण्याचे करावे, ही विनंती.’

ते म्हणाले, ‘बाबा, असा अर्ज मंजूर होईल?’

(कागदाची घडी घालत.) मी म्हटले, ‘येथले मला ठाऊक नाही, आमच्या खात्यात तो कित्येक वर्षे अर्जावाचूनच अमलात होता.’

(सायकलची घंटी वाजवतो. पडदा.)