चेंबरचे चिलखत

मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचे चेंबर असते. ते आपटून फुटले की तेल गळते, आणि गाडी तशीच दामटली तर इंजिन जाम होते. त्यावर उपाय म्हणजे चेंबरखाली बसवायचे चिलखत, स्किड प्लेट. पोलादाची स्वस्त पण जड, अ‍ॅल्युमिनियमची हलकी पण महाग. दोन्हींत तेल काढायला भोक आणि हवेला वाट हवी.

अहिल्यानगरला चिलखताचे अप्रूप नाही. शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, रणगाड्यांचे संग्रहालय आणि लष्करी वाहने पारखणारी व्हीआरडीई आहे. या संस्थेला चाचणीसाठी खास मार्ग बांधावे लागले. नगर–मनमाड रस्त्याने हीच सोय जनतेला वर्षानुवर्षे विनाखर्च पुरवली.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो. छोट्या मोटारीचा तळ जमिनीपासून साधारण १६-१७ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे कागदोपत्री प्लेटची गरजच नाही. गावोगावचे गतिरोधक मात्र मानकावर नव्हे, उरलेल्या डांबरावर ठरतात.

तेव्हा निर्णय सोपा आहे: मानकावरून गाडी चालवणाऱ्याने पैसे वाचवावेत, रस्त्यावरून चालवणाऱ्याने प्लेट बसवावी.