एकांताची सोडत

युटा राज्यातील झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस या राष्ट्रीय उद्यानांत तंबू ठोकून पायी हिंडणारे दांपत्य आधुनिक जगापासून दूर जाते असे मानण्याचा प्रघात आहे. मात्र या दूर जाण्याचा आरंभ कित्येक महिने आधी, संगणकावर तंबूची जागा आरक्षित करण्याच्या धडपडीतून होतो. झायनमधील ‘एंजल्स लँडिंग’ या साखळदंड धरून चढावयाच्या अरुंद कड्यासाठी २०२२ पासून सोडत काढली जाते, त्यामुळे दरीचे भयसुद्धा आता शुल्क भरलेल्या नशीबवानांनाच लाभते. मुक्त भटकंतीही आखलेल्या वाटेवरूनच करावी लागते (आणि ते योग्यच आहे), कारण सूक्ष्मजीव, शेवाळ व दगडफूल यांनी वाळूवर धरलेली ‘जिवंत माती’ नावाची काळसर खपली एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. आर्चेसमध्ये हंगामी वनरक्षक राहिलेल्या एडवर्ड ॲबीने ‘डेझर्ट सॉलिटेअर’ (१९६८) मध्ये उद्यानांतून मोटारी हटवण्याची मागणी केली. ते पुस्तक भाविक दांपत्ये मोटारीतूनच घेऊन येतात. ब्राइसचा माथा ८,००० फुटांहून उंच असल्याने मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकते, आणि वाळवंट म्हणून पातळ पांघरुणे कोणी बांधली, या प्रश्नावर दोघांचा बहुप्रतीक्षित संवाद अखेर सुरू होतो.