अंबाबाईलाही उसंत नाही

तुकोबांना ध्यानासाठी भंडाऱ्याचा डोंगर होता. देहू खाली, वर ते आणि त्यांचा विठ्ठल. भाकरी घेऊन तो डोंगर चढायची ती जिजाई. आधी पोरं सांभाळायची, मग दळायचं, थापायचं, आणि उन्हातान्हात नवऱ्याला हुडकत वर जायचं. जिजाईच्या ध्यानासाठी कुठला डोंगर होता, हे विचारायला मात्र कुणी थांबलेलं दिसत नाही.

कोल्हापूरला डोंगरांची वाण नाही. पन्हाळा आहे, जोतिबा आहे. पण मंगळवार पेठेतल्या एखाद्या थोरल्या सुनेला म्हणावं, सकाळी सातला जरा वर जाऊन शांत बसा, तर ती आधी विचारेल, "आणि पाणी कोण भरणार?"

तिचं देवघर स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण सगळे दाटीवाटीनं बसलेले. ती फुलवात लावते, डोळे मिटते, आणि तेवढ्यात घराला तिची गरज पडते. एकाला टॉवेल सापडत नाही. दुसरीला आज शाळेत चार्ट पेपर न्यायचा असतो, हे आत्ता आठवलेलं असतं. खाली रिक्षामामा हॉर्न वाजवतात. "आलो, आलो!" म्हणत ती डोळे उघडते. जप एकशे आठचा, कुकर चार शिट्ट्यांचा. दोन्ही मोजण्या एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक वेळा कुकरच जिंकतो.

घरात ध्यान लागतं ते मामंजींना. त्यांची पूजा तासभर चालते आणि अतिशय शांतपणे चालते. फुलं खुडलेली असतात, गंध उगाळलेलं असतं, निरांजनात तूप असतं, नैवेद्याची वाटी झाकून ठेवलेली असते. मामंजींच्या वाट्याला फक्त भक्ती येते, आणि ती ते मनापासून करतात.

त्यातून वारांचं गणित. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. सगळं पाळणारं घर असेल तर मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला एक बुधवार उरतो. कोल्हापुरात एवढ्यावर भागत नाही. मग रविवार कोण पाळतो आणि कोण नाही यावर वाटाघाटी होतात, दोन चुली नसल्या तरी दोन कढया होतात, आणि देवाच्या नावानं ठेवलेला वार ज्याच्या-त्याच्या आवडीचं रांधण्यात जातो.

याच शहरात साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वी एक पोरसवदा मुलगी संसारात राहून देव शोधत होती. बहिणाबाई, जन्म 1628. पुढं संत म्हणून गाजली. लहानपणीच लग्न झालेलं, नवरा वयानं खूप मोठा आणि तापट. कर्जापायी घरदार सुटून आई-बापांसह सगळं बिऱ्हाड फिरत फिरत कोल्हापूरला येऊन ठेपलेलं. निवांतपणा असा कुठून असणार? तिथं दान मिळालेल्या गाईचं वासरू तिच्या मागं लागलं. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला निघाली की वासरूही निघे. गर्दीत त्याला बाहेर काढलं, तर हिला रडू कोसळलं. स्वामींनी दोघांनाही आत घ्यायला लावलं. इथवर गोष्ट गोड आहे. पण बायकोचं नाव लोकांच्या तोंडी आलेलं नवऱ्याला सोसलं नाही. त्यानं तिला मारलं, बांधून ठेवलं. हे तिनं स्वतःच अभंगांत लिहून ठेवलंय, आणि त्यावर हसण्यासारखं काही नाही. पुढं ते वासरूही गेलं. तुकोबांचं दर्शन तिला झालं ते याच धबडग्यात, कोल्हापुरातच, स्वप्नात. डोंगर चढावा लागला नाही. नंतर नवराही वळला आणि सगळेच देहूला गेले.

घरच्या कटकटीतून अंबाबाईही सुटलेली नाही. पहाटे काकड आरतीला उठायचं, मग अभिषेक, महापूजा, धूपारती, शुक्रवारी पालखी. पाठ टेकायची ती शेजारतीनंतर. शिवाय मानपान आहेतच. कोल्हासुराच्या वधानंतर विजयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला, म्हणजेच टेंबलाईला, बोलवायचं राहिलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फुटतो. एक आमंत्रण चुकलं आणि अजून निस्तरणं चालू आहे. हे ज्या सुनेला ऐकताक्षणी कळत नाही, तिच्या घरात अजून लग्नकार्य झालेलं नाही असं समजावं.

कोल्हापुरात देवाला भेटायला सूर्यालासुद्धा धडपडावं लागतं. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. परंपरेनं 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसंच 9 ते 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात: पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुखकमल. हा किरणोत्सवाचा बेत. प्रत्यक्षात वाटेत इमारती उभ्या राहिल्या, धूळ आली, ऐनवेळी ढग येतात. मग मार्गाची मोजणी होते, अडथळ्यांवर चर्चा होते, आणि सूर्य बिचारा रोजच्या वेळेला मावळतो.

ही वेळ म्हणजे नेमकी चहाची, क्लासची आणि दिवेलागणीची. थोरली सून साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून किरणोत्सव बघते. उंबरा ओलांडून उजेड आत येतो, पावलांवर चढतो, तिच्या हातातलं लाटणं थांबतं. पडद्यावर लेकीचा फोन येतो. क्लास सुटलाय.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की किरणं कमरेपर्यंत पोहोचली. ती बातमी वाचून दाखवते आणि म्हणते, "माझी गुडघ्यापर्यंतच आलती. आज पोरीला आणायला तुम्ही जावा."