ऐकलंत का? मिरजगावात म्हणे कुंझुमवरून भांडण पेटलंय!

ऐकलंत का? नाही ना? मग जरा खुर्ची पुढे ओढा, गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. आपल्या मिरजगावात, हो हो, कर्जत तालुक्यातल्या, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात, हल्ली पोरं पावसाबद्दल बोलत नाहीत. कांद्याच्या भावाबद्दल बोलत नाहीत. कहर म्हणजे ग्रामपंचायतीबद्दलसुद्धा बोलत नाहीत! टपरीवर चहा गार होतो आणि वाद एकच चालतो: स्पितीला जायचं ते सिमल्याकडून, की मनालीकडून?

स्पिती म्हणजे काय, असं विचारताय? हळू विचारा, कुणी ऐकलं तर अब्रू जाईल. हिमाचल प्रदेशातलं, तिबेटच्या सीमेला टेकलेलं ते एक उंचावरचं खोरं. पाऊस नावापुरता, झाडं औषधाला, डोंगर उघडेबोडके. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान् पिढ्या दुष्काळ म्हणत आलो, तेच बघायला आपली पोरं दोन हजार किलोमीटरहून लांब निघालीत. आणि तेही पदरचे पैसे खर्चून!

ही साथ आली पुण्याहून, यात शंका नको. चाकणला, हिंजवडीला नोकरीला असलेली पोरं सणासुदीला गावी येतात. पूर्वी येताना फरसाण आणायची, आता मार्ग आणतात. मोबाईलवर तयार मार्ग: पहिला दिवस पुणे ते इंदूर, दुसरा इंदूर ते आग्रा, तिसरा आग्रा ते चंदीगड. वाचताना वाटतं, मोटारसायकलवर माणूस नाही, दगड बसणार आहे. जेवण कुठं, झोप किती, पाठीचं काय, याला त्या वेळापत्रकात रकानाच नाही. आणि या थोर मोहिमेचं सगळ्यात खमंग वैशिष्ट्य ठाऊक आहे? निघायची तारीख कुणीच सांगत नाही. मार्ग पक्का, मुक्काम पक्के, परतीचा मार्गसुद्धा पक्का. जायचं तेवढं राहिलंय.

त्यातून गावात दोन तट पडलेत. सिमलावाले म्हणतात, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत सतलजच्या काठानं चढावं आणि मग स्पिती नदी धरून काझाला पोचावं. लांब पडतं, पण रस्ता बहुतेक वर्षभर उघडा असतो. मनालीवाले हसतात. अटल बोगदा आहे ना! 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झालेला, नऊ किलोमीटरचा. रोहतांगची चढण टळली. बोगद्यातून बाहेर पडायचं, ग्राम्फूला वळायचं, बातल करत कुंझुम खिंड ओलांडायची आणि संध्याकाळी काझात. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. आता यातला निम्मा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि आडवे वाहणारे ओढे, हे ते सांगतात खरं, पण अशा सुरात सांगतात की जणू ती सोयच आहे.

एका घरात तर थोरला सिमलावाला आणि धाकटा मनालीवाला. दोघांचा आवाज चढलेला ऐकून आई धावत आली. "आरं, वाटणीवरून भांडताय का रं?" बिचारीला वाटलं बांधाचा नकाशा असेल. पाहते तर हिमाचलचा!

खरी मजा उंचीच्या गप्पांत आहे. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या थोडी वर, हे आता टपरीवरच्या पोऱ्यालाही पाठ आहे. लडाखमधली खारदुंगला खिंड म्हणजे जगातला सर्वात उंच रस्ता आहे की नाही, यावर परवा दोन तास खल झाला. एकानं तिथल्या पाटीचा फोटो पुढे केला, 18,380 फूट. दुसऱ्यानं ती पाटीच खोटी ठरवली: मोजणीत उंची साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते, आणि आता 19,024 फुटांवरच्या उमलिंगलासमोर तिचं काय चाललंय! मीटर-फुटांचा असा काटेकोर हिशेब करणाऱ्या या विद्वानांना मी सहज विचारलं, कळसूबाईला कोण कोण जाऊन आलंय? महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, 1,646 मीटर, आपल्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात. सगळे चहात बघायला लागले.

आणि खरेदी? अगं बाई, ती तर बोलायचीच सोय नाही. मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी पेट्रोलचे डबे लटकवून पोरं गावातून फिरतात. कशाला? तर म्हणे टांडीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. पाटी खरीच प्रसिद्ध आहे हो, पण ती मनालीहून लेहला जाणाऱ्या वाटेवर! काझाची वाट टांडीच्या अलीकडंच फुटते. काझात पंप आहे, आणि मनालीहून तिथवर गाडीला एक भरलेली टाकी पुरते. म्हणजे ज्या रस्त्यानं जायचंच नाही, त्या रस्त्याच्या पाटीसाठी डबे घेतले. ते रिकामे डबे आता मिरजगाव ते कर्जत असा खडतर प्रवास करतात.

या सगळ्यात एक म्हातारबाबा तेवढे गालातल्या गालात हसत असतात. फौजेतून निवृत्त झालेले. नगर जिल्ह्याला या खिंडींचं कौतुक नवं नाही. इथल्या कितीतरी घरांतला फौजी माणूस सुट्टी संपली की पत्र्याची पेटी घेऊन नगर स्टेशनवर झेलम एक्सप्रेसची वाट बघत उभा राहिलेला आहे. बाबा म्हणतात, "आम्हाला तिकडं राहायचे पैसे मिळायचे. ह्यांना तिकडं राहायला पैसे मोजायचेत. मग शहाणं कोण?" यावर अजून तरी कुणी उत्तर दिलेलं नाही.

हिमालयाचं वेड आपल्याकडे जुनंच आहे, असं म्हणणारेही आहेत, आणि ते चोंडीकडे बोट दाखवतात. जामखेड तालुक्यातली चोंडी, इथून फार लांब नाही. तिथं 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी बद्री-केदारच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. बरोबर आहे. पण त्यांनी वाटेवर लोकांच्या निवाऱ्याची सोय केली. आमची पोरं वाटेवर लोकांशी वाद घालतात. फरक आहे.

बरं, थट्टा पुरे. मी गुपचूप या प्रकरणात लक्ष घातलं, आणि जे बाहेर आलं त्यानं तर मला घाम फुटला. हा सगळा खटाटोप पुण्याच्या सोयीचा आहे, मिरजगावच्या नव्हे! कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबर उघडी असते. पुण्याच्या साहेबाला रजा केव्हाही टाकता येते. इथं मात्र जूनमध्ये पेरणी. सप्टेंबरात उडीद काढायचा, त्याच्या मागोमाग ज्वारी पेरायची. म्हणजे खिंड उघडी असते तेव्हा आपलं रान माणूस सोडत नाही, आणि ज्वारी घरात येऊन माणूस मोकळा होतो तेव्हा खिंडीवर बर्फ. मनालीवाल्यांनो, तुमचा मार्ग कागदावर का राहतो, कळलं का? पंचांगच जुळत नाही!

आता सिमल्याची बाजू बघा. एप्रिल-मेमध्ये, रान रिकामं असताना, ती वाट सहसा चालू असते. काझाला जाऊन त्याच वाटेनं परतायचं. शरीरालाही ती मानवते. सिमला साधारण 2,200 मीटरवर, पुढे किन्नौरमध्ये मुक्काम, मग ताबो, मग साडेतीन हजारांच्या वरचं काझा. चढ हप्त्याहप्त्यानं. मनालीकडून मात्र एकाच दिवसात दोन हजारांवरून साडेचार हजारांवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या 60 टक्क्यांच्याही खाली उतरतो. डोकं ठणकतं, मळमळतं, पाय उचलत नाहीत. डॉक्टरांचा नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या पुढं रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, त्रास वाढला तर खाली उतरावं. इंजिन किती सीसीचं आहे, हे फुप्फुस विचारत नाही.

आणि आता सगळ्यात मोठा गौप्यस्फोट. कान इकडं करा. म्हातारबाबांची ती झेलम एक्सप्रेस आठवते? पुण्याहून जम्मूला जाणारी. ती दौंडवरून येऊन नगरला थांबते आणि पुढे मनमाड, भोपाळ, दिल्ली करत अंबाल्यालाही थांबते. अंबाल्याहून कालका जवळ. कालक्याहून सिमल्याला 1903 पासून चालणारी छोटी गाडी, 96 किलोमीटरचा लोहमार्ग, 2008 पासून जागतिक वारसा. सिमल्याहून पुढं रेकाँग पिओ आणि काझाच्या दिशेनं हिमाचलच्या सरकारी बस. म्हणजे मिरजगावच्या माणसाला स्पितीला जायला ना पुणं लागतं, ना डबे, ना इंदूर-आग्र्याची मोडलेली पाठ. लागतं ते नगरपर्यंतचं एसटीचं तिकीट!

हे मी टपरीवर सांगितलं, तर काय झालं असेल? क्षणभर सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "रेल्वेनं? मग त्यात मजा काय राहिली?" दुसऱ्यानं लगेच विषय बदलला: पुढच्या वर्षी झंस्कर करायचं का?

तेव्हा निकाल ऐका. या पोरांना खोरं नकोच आहे, त्यांना मार्ग हवाय, आणि तोही दुसऱ्याच्या गावातून सुरू होणारा. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी ज्वारीची मळणी उरकली की नगरहून अंबाल्यापर्यंतचं आरक्षण करावं, गरम कपडे घ्यावेत, आणि काझाला पोचण्याआधी वाटेत दोन मुक्काम जास्तीचे धरावेत. बाकीच्यांनी खुशाल भांडावं. फक्त ते रिकामे डबे विकायचे असतील तर आधी मला सांगा. पेरणीच्या वेळी डिझेल आणायला बरे पडतील.