भाताच्या खाचरात तांदळाची गोणी

भिवंडीकडे आमचे एक दादूस राहतात. त्यांच्या सातबाऱ्यावर अजून भात उभा आहे. प्रत्यक्षात तिथे पत्र्याचे गोदाम उभे आहे आणि आत तांदळाच्या गोण्या. म्हणजे उतारा अगदीच खोटा बोलत नाही.

गोदामांसाठी जमिनीचे शाश्वत नियोजन कसे करावे, यावर हल्ली पंचतारांकित हॉटेलांत परिसंवाद झडतात. (जेवण उत्तम असते.) त्यापेक्षा माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर अशी गावे फिरावीत. इथली खरी नियोजनकार जकात. मुंबईच्या हद्दीत शिरला की मालाला जकात, म्हणून माल हद्दीबाहेरच थांबला. थांबला तिथे भातशेती होती आणि परवानगीला ग्रामपंचायत. भराव पडला, पत्रे चढले. आसपासच्या 60 गावांसाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमले, ते मागाहून. आराखडा करणाऱ्यांचे काम त्यामुळे सोपे झाले : जे उभे दिसेल त्याला रंग द्यायचा.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. नवरदेव निघून गेला, मांडव मात्र वाढतच राहिला. करापायी राज्याराज्यांत ठेवलेली छोटी गोदामे मोडून कंपन्यांना आता थोरली गोदामे हवी झाली.

थोरले गोदाम शाश्वत असते. छपरावर सोलार, दारात कुंडीतले चार पाम. मागच्या बैलगाडीच्या वाटेवर चाळीस फुटी कंटेनर वळत असतो. क्लीनर खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ करतो आणि शाळेची रिक्षा येऊ शकत नाही.

पूर्वी पावसाचे पाणी खाचरांतून, बांधाबांधाने खाडीकडे उतरायचे. भरावामुळे गोदाम आता तीन हात वर आणि दादूसचे घर तीन हात खाली. जुलैत पाणी उंबऱ्याशी विचारपूस न करता आत येते. गोदामातल्या प्रत्येक खोक्यावर बारकोड आहे, ते कुठे पोचले हे मोबाइलवर दिसते. पाण्याने कुठून जायचे, हे मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

परवा दादूसनी दहा किलो कोलम ऑनलाइन मागवला. तो घरामागच्याच गोदामात असल्याचे मोबाइलवर दिसत होते. संध्याकाळी निरोप आला : माणकोली नाक्यावर कोंडी आहे, तांदूळ उद्या येईल.